हद्दीबाहेर जाणार नाही : औरंगाबादच्या पहिल्या रिसाल्याचा उठाव, जून १८५७

आपल्या शहरात क्रांती चौकाजवळ काळा चबुतरा आहे. रोज हजारो गाड्या त्याच्या बाजूने जातात. १८५७ च्या जूनमध्ये छावणीतल्या ज्या घोडेस्वारांनी हुकूम मोडला, त्यांना देहान्त शिक्षा दिल्याची ही जागा. कोणी फासावर गेले, कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिलं.

मी इतिहास शिकवतो. हे स्वार का उठले असं वर्गात विचारलं, की मागच्या बाकापर्यंत एकच उत्तर येतं: "सर, काडतुसं. गाईची आणि डुकराची चरबी." पोरांची चूक नाही, पुस्तकात तेच आहे. पण ते उत्तर बराकपूरचं आणि मेरठचं आहे. औरंगाबादच्या स्वारांनी जे मागणं मांडलं त्यात काडतूस पुढे नाही. त्यांचं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं: आम्ही निजामाच्या हद्दीबाहेर जाणार नाही, आणि दिल्लीच्या बादशहावर हत्यार उचलणार नाही. हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा उघडतो ते या दोन वाक्यांसाठी. पगार वेळेवर मिळणारी, घोडी बाळगून असलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं नोकरी केलेली माणसं एका कूचाच्या बातमीवर का बिथरली?

घडलं काय

हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा पहिला रिसाला, म्हणजे घोडदळाची पलटण, मोमिनाबादहून, म्हणजे आपल्या अंबाजोगाईहून, औरंगाबादच्या छावणीत आला होता. आधी इथे असलेला तिसरा रिसाला दुसरीकडे हलवला होता. मेरठची बातमी मे महिन्यातच दख्खनभर पोचली होती. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात छावणीत कुजबुज सुरू झाली की आपल्याला आता दिल्लीला नेणार. स्वारांनी आपलं म्हणणं उघड मांडलं. कॅप्टन ॲबट हा रिसाल्याचा प्रमुख. त्याने आणि बाकीच्या अधिकाऱ्यांनी कशीबशी समजूत काढली, आणि छावणी वरवर शांत झाली.

त्याच सुमारास मेजर जनरल वुडबर्न पुण्याहून गोरं घोडदळ, तोफा आणि देशी पायदळ घेऊन इंदूरजवळच्या महू छावणीकडे निघाला होता. त्याला वाट बदलून औरंगाबादला बोलावलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो पोचला आणि थेट रिसाल्याच्या लाइनीवर गेला. स्वारांना पायउतार करून उभं केलं. समोर तोफा, गोरे स्वार. संशयितांना वेगळं काढायला सुरुवात झाली आणि तिथेच ठिणगी पडली. दफेदार, म्हणजे हवालदाराच्या दर्जाचा स्वार, मीर फिदा अलीने आपल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली. रांगा फुटल्या, लोक घोड्यांकडे धावले. एकनिष्ठ आणि बंडखोर असे मिसळले होते की तोफ डागायची कोणावर हेच कळेना. बरेच जण निसटले, पाठलाग झाला, काही पकडले गेले. फिदा अलीचा खटला उभ्या उभ्या झाला आणि त्याला फासावर लटकवलं. बाकीच्यांच्या शिक्षा पुढे काही दिवस चालल्या.

घटना एवढीच. दोन आठवड्यांत संपली. खरं प्रकरण तिच्या मागे पन्नास-साठ वर्षं पसरलेलं आहे.

फौज कोणाची?

या एका प्रश्नावर थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि याचं उत्तर कागदांत आहे.

१७९८ मध्ये निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा, म्हणजे आपल्या खर्चाने इंग्रजांची फौज ठेवण्याचा, करार केला आणि पदरचे फ्रेंच अधिकारी व त्यांच्या पलटणी मोडल्या. १८०० साली तो करार वाढला. फौजेच्या खर्चापोटी निजामाने टिपूकडून मिळालेला मुलूख, बल्लारी-कडप्पा वगैरे, कायमचा देऊन टाकला. म्हणजे तैनाती फौजेचा हिशेब तिथे पुरा झाला. पण याच तहात एक कलम होतं: युद्ध लागलं तर निजामाने आपल्या पदरचे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार इंग्रजांच्या मदतीला द्यायचे. युद्ध लागलं तर. शांततेत हे सैन्य कोणी, कसं, कोणाच्या हुकमाखाली ठेवायचं याबद्दल कलम काही सांगत नाही.

निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेल याने ही पोकळी भरून काढली. निजामाच्या तिजोरीतून पगार, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा, अशी कायमची पलटण उभी राहिली. लोक तिला रसेल ब्रिगेड म्हणत. तीच वाढत जाऊन निजामाची कंटिन्जंट झाली. तिचा खर्च भागवायला दिवाण चंदूलालच्या काळात पामर कंपनी या सावकारी पेढीकडून शेकडा चोवीस-पंचवीस दराने कर्ज उचललं गेलं. रयतेकडून वसूल केलेला पैसा व्याजात, आणि व्याज फेडायला पुन्हा गावं मक्त्याने, म्हणजे वसुलीच्या ठेक्याने. मराठवाड्यातली गावं अरब जमादारांकडे, रोहिल्यांकडे आणि सावकारांकडे गहाण पडली ती याच चक्रात. जुनी मंडळी 'रोहिल्याचा तगादा' म्हणतात, तो शब्द या काळातून आलेला असावा असं मला वाटतं.

कर्ज फिटेना. १८५० नंतर गव्हर्नर जनरल डलहौसीने हिशेब काढला आणि पैशांऐवजी मुलूख मागितला. निजाम नासिरुद्दौला हा दुबळा राजा म्हणून ओळखला जातो, पण या बोलणीत त्याने रेसिडेंट कर्नल लो याला एक गोष्ट ठणकावून सांगितली. राजाला कमीपणा आणणाऱ्या दोनच गोष्टी असतात: कारण नसताना बापजाद्यांचा मुलूख देणं, आणि शूर व इमानी फौजेला काढून टाकणं. त्याला दोन्हींपैकी एक निवडायला लावलं. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पश्चिमेकडचा पट्टा इंग्रजांच्या कारभारात गेला. तो सारा महसूल कंटिन्जंटच्या खर्चासाठी.

मराठवाड्याच्या वाचकाने इथे नकाशा डोळ्यांसमोर आणावा. परभणी, बीड, औरंगाबाद निजामाकडे. नळदुर्गाचा सरकारसारा इंग्रज डेप्युटी कमिशनर घेतोय. एका गावचा पाटील आपल्याच सोयऱ्याच्या गावाला परराज्य म्हणू लागला असेल. हा बदल गावागावांत दिसत होता.

पण फौजेसाठी खरा बदल त्याच तहातल्या वेगळ्या कलमात होता. १८५३ पर्यंत ही फौज निजामाच्या सैन्याचा भाग मानली जाई. तहानंतर ती निजामाच्या सैन्याचा भाग उरली नाही. कंपनी सरकारने निजामासाठी ठेवलेली साहाय्यक फौज असं तिचं नवं रूप झालं: किमान ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि ४ तोफखाने. स्वार तेच, घोडी तीच, छावण्या त्याच. औरंगाबाद, मोमिनाबाद, हिंगोली, हैदराबादजवळचं बोलारम. बदलला फक्त धनी.

आपल्याकडे नोकरीच्या भाषेत धन्याला फार वजन आहे. कोणाचं मीठ खाल्लं, हे माणूस आधी सांगतो, पगाराचा आकडा नंतर. १८५३ नंतर पहिल्या रिसाल्यातल्या स्वाराने या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं? तनखा इंग्रज देतो, वऱ्हाडच्या महसुलातून. वऱ्हाड निजामाचं. फौज निजामासाठी. हुकूम रेसिडेंटचा. या गोंधळात एकच गोष्ट पक्की होती, ती म्हणजे मुलुखाची हद्द. ही फौज निजामाच्या राज्याच्या बंदोबस्तासाठी आहे, एवढं तरी सगळ्यांना मान्य होतं. दिल्लीच्या कूचाच्या बातमीने तेही काढून घेतलं. माझ्या मते या उठावाचं मुख्य कारण हेच आहे. बाकीची कारणं त्याला येऊन मिळाली.

शिलेदाराचा हिशेब

शिवकाळापासून आपल्याला बारगीर आणि शिलेदार हा फरक ठाऊक आहे. बारगिराला घोडा सरकारचा किंवा दुसऱ्याचा. शिलेदार आपला घोडा, आपलं हत्यार घेऊन येतो आणि एकूण रकमेवर चाकरी करतो. कंटिन्जंटचा रिसाला याच शिलेदारी पद्धतीने चालत असे. घोड्याची जागा म्हणजे असामी, आणि ती घराण्यात चालत आलेली मालमत्ता असायची. बड्या लोकांच्या पदरी अनेक असाम्या असत आणि त्यांवर त्यांचे बारगीर चाकरी करत.

आता हा माणूस दिल्लीला का जाईल? घोडा हे त्याचं भांडवल. तो दख्खनमध्ये मेला तर ओळखीच्या बाजारातून दुसरा घेता येतो, भाऊबंदांकडून उसनवारी होते. नर्मदेपलीकडे, हिंदुस्थानात, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मेला तर शिलेदार एका रात्रीत बारगीर होतो. घर, बायकापोरं छावणीच्या बाजारात. हा हिशेब भ्याडपणाचा नव्हे. शेतकरी बैलजोडी भाड्याने देताना जो हिशेब करतो, तोच हा.

एवढं असलं तरी, पैशाचा ताण हे कारण मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. कारण निजामाच्या स्वतःच्या फौजेचे पगार महिनोन्महिने थकलेले असायचे, अरब आणि रोहिले धरणं धरून बसायचे, आणि त्यांच्या तुलनेत कंटिन्जंटचा स्वार सुखी होता. सुखी माणसं पगारासाठी जीव देत नाहीत.

बादशहाचं नाव

दिल्लीच्या बादशहावर हत्यार उचलणार नाही, हे दुसरं वाक्य. आज वाचताना ते विचित्र वाटतं. १८५७ चा बहादूरशाह म्हणजे इंग्रजांचं पेन्शन खाणारा म्हातारा कवी. औरंगाबादच्या दफेदाराला त्याचं काय?

पण तेव्हा निजामाच्या राज्यात चालणाऱ्या रुपयावर नाव बादशहाचं असे. सव्वाशे वर्षं स्वतंत्र कारभार करूनही असफजाही घराणं कागदोपत्री मोगल बादशहाचे दख्खनचे सुभेदारच राहिलं होतं. असफजाह हा किताब दिल्लीने दिलेला. आणि औरंगाबाद तर त्या नात्याचं घरच. मलिक अंबरने खडकी वसवली, औरंगजेबाने तिला नाव दिलं, तो शेवटी खुलताबादच्या मातीत झोपला. पहिला निजामही तिथेच आहे. छावणीतला स्वार गुरुवारी खुलताबादच्या दर्ग्यात जाऊन येत असेल तर त्याला बादशहा आणि निजाम एका टेकडीवर भेटत होते. अशा माणसाला त्या बादशहावर चालून जा म्हणणं, म्हणजे ज्याच्या नावाच्या नाण्यात जगाचा बाजार चालतो त्याच्यावर चालून जा म्हणणं.

यात धर्माचा भाग होता हे नाकारण्यात अर्थ नाही. रिसाल्यात मुसलमान स्वारांची संख्या मोठी होती. पण धर्म दुखावला म्हणून उठले, एवढ्यावर थांबलं तर एक गोष्ट सुटत नाही. सप्टेंबर १८५५ मध्ये बोलारमला मोहरमच्या मिरवणुकीला मनाई केली गेली, तेव्हा कंटिन्जंटच्या स्वारांनी ब्रिगेडियर कॉलिन मॅकेन्झीवर हल्ला करून त्याला जबर जखमी केलं. ते स्वार तिसऱ्या रिसाल्याचे होते. हाच तिसरा रिसाला १८५७ मध्ये इंग्रजांबरोबर महूकडे गेला आणि पुढे झाशीच्या मोहिमेतही लढला. धर्माचा अपमान ज्यांनी प्रत्यक्ष सोसला ते गेले. ज्यांच्यावर तो प्रसंग आला नाही ते उठले. विद्यार्थ्यांना मी हे जोड उदाहरण मुद्दाम देतो, कारण कारण आणि परिणाम यांचं सरळ गणित इथे मोडतं.

मग तिसरा का गेला? माझा अंदाज असा, की त्याला तुकड्या-तुकड्यांनी, जवळच्या मुक्कामापर्यंत, थोडं थोडं पुढे नेलं असावं. दिल्ली असा शब्द त्यांच्यासमोर एकदम आला नसावा. पहिल्या रिसाल्यासमोर मात्र आधी अफवा आली, मग पुण्याहून तोफा आल्या. अफवेला तोफेने दुजोरा दिला. वुडबर्न थोडा उशिरा आला असता किंवा आलाच नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला झोपू देत नाही, कारण समजूत निघाली होती.

तो मे महिना

काळाचा योगही असा. १० मे ला मेरठ, ११ ला दिल्ली. १६ मे ला हैदराबादेत नासिरुद्दौला वारला. गादीवर अफजलुद्दौला आला. दिवाण सालारजंग जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, इंग्रजांच्या बाजूने घट्ट उभा. राजधानी नव्या राजाच्या हातात, दिल्लीत जुना बादशहा पुन्हा उभा, आणि छावणीत कोणालाच माहीत नाही की नवा निजाम कोणत्या बाजूला. नवा धनी बादशहाच्या बाजूने असेल, अशी आशा स्वारांनी धरली असेल तर ती वेडी नव्हती. सालारजंग नसता, तर हैदराबादेत काय घडलं असतं याची धास्ती मुंबई आणि मद्रासच्या इंग्रजांनाही होती.

औरंगाबादच्या धुमाळीनंतर जमादार चिद्दा खान काही साथीदारांसह हैदराबादेत पोचला. आसरा मिळेल असं त्याला वाटलं होतं. सालारजंगने त्याला पकडून रेसिडेंटच्या हवाली केलं. त्याच्या सुटकेची मागणी पुढे करत १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर, म्हणजे रेसिडेंटच्या कोठीवर, हल्ला चढवला. आपल्या छावणीतल्या नकाराने राजधानीतला हल्ला पेटवला, हा दुवा मराठवाड्यातही फारसा सांगितला जात नाही.

गावं का उठली नाहीत

इथे मला सर्वात जास्त त्रास होतो, कारण उत्तर आपल्या अभिमानाला रुचणारं नाही. छावणी पेटली आणि भोवतालचा मुलूख बराचसा स्वस्थ राहिला. कारण स्वाराचं दुखणं रयतेचं नव्हतं. गावाचं दुखणं होतं मक्तेदाराचं, तगाद्याचं, दुष्काळाचं. तो तगादा निजामाच्या नावाने यायचा. निजामाची हद्द जपण्यासाठी कुणबी नांगर सोडेल, अशी अपेक्षाच चूक.

आणि या फौजेचा गावांना आलेला अनुभव वेगळाच होता. १८१९ साली हदगावच्या बाजूला नोव्हा इथे हटकर समाजाचा नोवसाजी नाईक बंड करून बसला, तेव्हा त्याची गढी वेढून फोडली ती रसेल ब्रिगेडनेच. गढीतले अरब लढून मेले. कन्नड-अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लांच्या मागेही अशाच पलटणी फिरल्या. रिसाला आता इंग्रजांवर उलटला म्हणून हटकर किंवा भिल्ल त्याच्या मदतीला धावतील, असं व्हायला आठवणी पुसल्या गेल्या पाहिजेत. चाळीस वर्षांत त्या पुसत नाहीत.

तरी मराठवाडा अगदीच गप्प बसला नाही. रंगराव पागे नावाच्या पटवाऱ्याने उत्तरेत जाऊन नानासाहेब पेशव्यांशी संपर्क साधला आणि परत येऊन लोक जमवण्याचा प्रयत्न केला. देगलूरच्या पलीकडे कौलासचा राजा दीपसिंग यात अडकला आणि त्याला कैद झाली. रंगरावांना काळ्या पाण्यावर पाठवलं. ही माणसं स्वार नव्हती, पटवारी आणि जमीनदार होती. त्यांचं दुखणं वतनाचं आणि जुन्या राज्याच्या आठवणीचं. छावणी आणि गाव यांच्यात पूल बांधू शकणारी ही मंडळी फार उशिरा पुढे आली, तोवर छावणी रिकामी झाली होती.

हिशेब पुढे कसा फिटला

हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं त्याचं बक्षीस १८६० च्या तहात मिळालं. कर्जापैकी ५० लाख रुपये माफ झाले. धाराशिव आणि रायचूर दोआब निजामाला परत मिळाले. नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर गेला, निजामाचे तालुकदार आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं, आणि त्याबरोबर कंटिन्जंटही. पहिल्या रिसाल्याचे जे स्वार उरले ते १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात लढले. हद्दीबाहेर, बेतवा नदीच्या काठी.

आणि रुपयावरचं बादशहाचं नाव १८५८ च्या सुमारास काढलं गेलं. त्या जागी असफजाहचं नाव आलं. क्रांती चौकातल्या ज्या माणसांनी त्या नावावर हत्यार उचलायला नकार दिला होता, त्यांना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.